सड्यावरचा हत्ती, डोंगरावरचा घोडा

आमच्या खानदेशात ‘सडा’ म्हटलं की डोळ्यांपुढे बादली येते. पहाटे अंगणात शेणाचं पाणी शिंपडायचं, त्यावर रांगोळीच्या चार रेघा ओढायच्या. दुपारपर्यंत कोंबड्या, पोरं आणि सायकली मिळून त्या पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. कोकणातला सडा वेगळा. डोंगराचा माथा विळीवर कापून सपाट करावा तसा लांबच लांब उघडा कातळ, जांभ्या दगडाचा, उन्हात तांबूस आणि पावसात काळा पडणारा. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या अशा सड्यांवरही रेघा आहेत. कुणी ओढल्या, कशासाठी ओढल्या हे सांगणारा उरलेला नाही, पण रेघा अजून जागच्या जागी आहेत.

राजापूर तालुक्यातल्या काशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर, रुंदी सुमारे १३ मीटर. एसटीच्या पाच गाड्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या, तर त्याच्या चौकटीत मावतील आणि पुढे जागा उरेल. हत्ती जमिनीवर आडवा कोरलेला असल्यामुळे त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाला तो हत्ती वाटतच नाही. नुसत्या खाचा दिसतात, कुठे सरळ, कुठे वळलेल्या. चालत चालत त्याच्याभोवती फेरी मारली की मग सोंड जुळते, पाठ जुळते. पोटाच्या आत पुन्हा लहान लहान आकृत्या, पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या प्राण्यांच्या. ज्या काळात उंचावरून पाहायला ड्रोन नव्हता, त्या काळात एवढी आकृती प्रमाणात कशी आखली असेल, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडतोच.

या आकृत्यांना आता ‘कातळशिल्पं’ हे नाव रूढ झालं आहे. काही जण खोदचित्रं म्हणतात, आणि ते जास्त नेमकं आहे, कारण यांत शिल्पासारखा उठाव नाही, कातळात कोरलेली खाच आहे. काही ठिकाणी खाचेच्या आतला भागही उकरून खोलगट केलेला दिसतो. हत्ती, वाघ, मोर, मासे, पाकट, गेंड्यासारखे आणि पाणघोड्यासारखे प्राणी, पाय फाकून उभी असलेली माणसं, आणि ज्यांचा अर्थ लावताना अभ्यासकही थबकतात असे चौकोनी नक्षीचे पट. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ असाच एक मोठा चौकोनी पट आहे. बारसूच्या सड्यावर दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये माणूस अशी रचना आहे. दोन हिंस्र प्राण्यांना आवरणारा माणूस सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आणि पश्चिम आशियातही सापडतो, त्यामुळे बारसूच्या या चित्राकडे परदेशी अभ्यासकांचंही लक्ष गेलं. देवाचे गोठणे इथे सड्यावर एक माणूस कोरलेला आहे आणि त्या जागी होकायंत्राची सुई उत्तर सोडून भटकते. कोरणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण पाहायला जाणारा प्रत्येक जण खिशातून मोबाइल काढून सुई फिरवून पाहतो.

गावातल्या लोकांना या रेघा अगदीच अपरिचित नव्हत्या. गुरं चारायला सड्यावर जाणाऱ्याला त्या दिसायच्याच. मात्र त्यांचं महत्त्व बाहेर कळायला वेळ लागला. गोव्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ इथल्या जांभ्यावरची चित्रं १९९३ मध्ये पुराभिलेख खात्याचे पी. पी. शिरोडकर यांनी जगापुढे आणली. बैल, माणसं आणि एक गोल चक्रव्यूह. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे अभ्यासक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव चालत शोध घेतला. पद्धत साधी होती: गावात जायचं, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, ते दाखवतील तिकडे चालायचं, माती-गवत झाडून पाहायचं. अशा पायपिटीतून सत्तरच्या आसपास जागा आणि हजार-दीड हजार आकृत्यांची नोंद झाली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं ठिकाण.

वय किती, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. उघड्या कातळावर मातीचे थर साचत नाहीत, कोळसा किंवा हाड अडकून राहत नाही, त्यामुळे कार्बन पद्धतीला हाताशी काही लागत नाही. पुरातत्त्वज्ञ चित्रांतल्या विषयांवरून अंदाज बांधतात. शिकारीचे प्राणी आणि मासे भरपूर, शेतीचं चित्र नाही. आज कोकणात कुठेही न दिसणारा गेंडा आहे. यावरून काही आकृत्या मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दहा-बारा हजार वर्षं मागे जातात असं मानलं जातं. काही त्यामानाने बऱ्याच अलीकडच्या असाव्यात. सगळ्या एकाच काळातल्या, एकाच हाताच्या आहेत असं समजायला काही आधार नाही.

आता हा दगड. खानदेशी वाचकाला जांभा परका वाटेल, पण तो आपल्याच घरातला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याचा काळा बसाल्ट झाला. अजिंठ्याचा डोंगर तोच, लळिंगचा किल्ला ज्यावर उभा आहे तो दगड तोच. कोकणात या दगडावर लाखो वर्षं धो धो पाऊस पडला. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि उरला तो भोकाभोकांचा, गंजासारख्या रंगाचा जांभा. त्याची एक खोड अशी की जमिनीखाली तो बराच मऊ असतो आणि उघडा पडला, हवा-ऊन लागलं की टणक होतो. म्हणून चिरे कापता येतात आणि त्याच चिऱ्यांचं घर पिढ्यान् पिढ्या टिकतं. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ मध्ये वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. सड्याचं वरचं कवच लोहाने घट्ट झालेलं असतं. त्यात एकदा खाच पडली की ती सहजी बुजत नाही.

जमिनीवर काढलेली अशी प्रचंड चित्रं इंग्लंडच्या दक्षिण भागातही आहेत, पण दगडाचं मात्र नेमकं याच्या उलट आहे. तिथे टेकड्याच खडूच्या आहेत. शाळेतला खडू आज बहुतेक जिप्समचा असतो. हा खराखुरा, समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा थर साचून झालेला पांढरा मऊ दगड. तो ज्या युगात साचला त्याला भूशास्त्रज्ञांनी नावच खडूचं दिलं, क्रिटेशस, कारण लॅटिनमध्ये खडूला ‘क्रेटा’ म्हणतात. या खडूच्या युगाचा शेवट होत होता तेव्हा इकडे आपला काळा दगड ओतला जात होता.

तर त्या टेकड्यांवर हिरवळीचा पातळ थर आणि खाली पांढरा खडू. हिरवळ सोलली की पांढरी रेघ तयार. ऑक्सफर्डशायरमधल्या अफिंग्टन गावाजवळचा पांढरा घोडा वरवर पाहता याच रीतीने काढलेला वाटतो. लांबी सुमारे ११० मीटर, म्हणजे काशेळीच्या हत्तीच्या सहापट. पाच-सात लवचिक फटकाऱ्यांत धावणारा घोडा, डोकं चोचीसारखं, दोन पाय अंगापासून सुटे. पाहिला की आजच्या एखाद्या चित्रकाराने काढला असावा असं वाटतं. कित्येक वर्षं लोक तो अँग्लो-सॅक्सन राजांच्या काळातला समजत. १९९० मध्ये उत्खनन झालं, खाचेतल्या मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजलं, आणि उत्तर आलं इसवीसनपूर्व १३८० ते ५५० च्या दरम्यान. उत्खननातच आणखी एक गोष्ट कळली. ही रेघ नुसती हिरवळ सोलून काढलेली नाही. सुमारे मीटरभर खोल चर खणून त्यात खडू ठासून भरला आहे.

आणि इथे मला माझ्या आजोळचं धाबं आठवतं. सपाट मातीचं छत, खाली लाकडी सरं. दर वर्षी मिरगाच्या आधी त्यावर खारी माती टाकायची. ही पांढुरकी माती ओली झाली की आवळून बसते, पाणी खाली झिरपू देत नाही. गाडीभर माती वर चढवायची, ढेकळं फोडायची, पन्हाळाकडे उतार राहील अशी पसरायची, वरून पाणी शिंपडून चोपण्याने चोपायची. चोपताना आवाज बद्द यायचा तोवर काम बाकी; ठण् यायला लागला की झालं. एक वर्ष चुकलं तर श्रावणात घरभर पातेली मांडायची वेळ. अफिंग्टनच्या घोड्याचं काम याहून निराळं नाही. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक टेकडीवर जातात, रेघेत उगवलेलं गवत उपटतात, कडांवरून आत सरकलेली हिरवळ कापतात, ताजा खडू ओतून गुडघ्यांवर बसून हातोड्यांनी ठोकतात. हे केलं नाही तर गवत दोन्ही बाजूंनी आत येतं, वरच्या उताराची माती घसरून रेघेवर बसते, आणि काही दशकांत तिथे नुसती टेकडी उरते. याचा अर्थ, इसवीसनाच्या आधीपासून आजवर तिथल्या लोकांनी हे काम फार काळ सोडलेलं नाही. भाषा बदलल्या, देव बदलले, राजे बदलले. गवत उपटायला मात्र कुणी ना कुणी येत राहिलं.

पूर्वी या साफसफाईची जत्रा भरायची. टॉमस ह्यूज या लेखकाने १८५७ सालच्या अशा जत्रेवर १८५९ मध्ये पुस्तकच लिहिलं. काम झाल्यावर कुस्त्या, शर्यती, आणि उतारावरून चीजचं गोल चाक सोडून त्याच्यामागे धावण्याची स्पर्धा. श्रावणात कानबाई देवी बसण्याआधी आपल्याकडे घर धुऊन-पुसून, रंग देऊन निघतं, मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंद गावी येतात आणि मग रोट होतात. त्या धांदलीची कल्पना ज्याला आहे त्याला ही जत्रा समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात मात्र हा घोडा मुद्दाम झाकला होता. जर्मन वैमानिकांना वरून खूण सापडू नये म्हणून त्यावर गवत आणि झाडोरा पसरला.

डॉर्सेटमधला सर्न ॲबसचा राक्षस हे दुसरं उदाहरण, हातात सोटा घेतलेला ५५ मीटर उंचीचा नागडा पुरुष. त्याच्या दुरुस्तीचा खर्च १६९४ मध्ये गावच्या चर्चच्या हिशेबात तीन शिलिंग असा लिहिलेला आहे. देवळाच्या वहीत अशा नग्न पुरुषाच्या डागडुजीचा खर्च टाकताना कारभाऱ्याचा चेहरा कसा झाला असेल, देव जाणे. २०१९ मध्ये त्याच्या रेघांत १७ टन नवा खडू भरला. २०२१ मध्ये त्याचंही वय मोजलं गेलं, तेव्हा तो इ.स. ७०० ते ११०० च्या दरम्यानचा निघाला. त्याला रोमन काळातला मानणारे आणि सतराव्या शतकातला मानणारे, दोघेही चुकले.

दर वर्षीच्या या कटकटीला कंटाळून काही ठिकाणी पक्का इलाज केला. वेस्टबरीच्या घोड्यावर १९५० च्या दशकात काँक्रीट ओतलं, विल्मिंग्टनच्या उंच माणसाची बाह्यरेषा १९६९ मध्ये काँक्रीटच्या ठोकळ्यांनी आखली. आपणही धाबी पाडून स्लॅब टाकलेच की. पण स्लॅब गळतो तो गळतोच, आणि काँक्रीटचा घोडा करडा पडतो म्हणून त्याला रंग द्यावा लागतो. चोपणं गेलं आणि ब्रश आला.

सड्यावरच्या हत्तीला यातलं काही लागलं नाही. त्याच्यासाठी कुणी जत्रा भरवली नाही, वहीत शिलिंग लिहिले नाहीत. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि रानफुलं उगवतात, खाचांत पाणी आणि शेवाळ साचतं. दिवाळीनंतर सगळं वाळून जातं आणि रेघ पुन्हा उघडी पडते. सड्यावर शेती होत नव्हती, घर बांधता येत नव्हतं, पाणी टिकत नव्हतं. कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणूनच तो कातळ जसाच्या तसा राहिला.

ती स्थिती आता उरलेली नाही. चिऱ्यांना मागणी आहे आणि सडा म्हणजे आयती चिरेखाण. यंत्राची पाती एकदा फिरली की आकृती चिऱ्यांबरोबर ट्रकमध्ये जाते आणि कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीत बसते. हापूसची कलमं लावायला कातळात खड्डे फोडून माती भरतात. रस्ते रुंद होतात, जमिनीचे तुकडे पडून विकले जातात, आणि बहुतेक सडे खासगी मालकीचे असल्यामुळे मालकाला अडवायचं कुणी आणि कोणत्या भरपाईवर, हा खरा गुंता आहे. बारसूच्या सड्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ मध्ये माती सर्वेक्षण सुरू झालं आणि गावकऱ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा कातळशिल्पांचं नाव रोजच्या बातम्यांत आलं.

उक्षीने आपल्यापुरता मार्ग काढला. रत्नागिरी तालुक्यातल्या या गावात सड्यावर एकच हत्ती आहे. त्याच्याभोवती जांभ्याच्याच चिऱ्यांची गोल भिंत बांधली आणि कातळावर पाय न देता वरून पाहता येईल अशी जागा केली. पैसा आणि तज्ज्ञता दोन्ही फार लागली नाही. ज्या दगडाच्या खाणींची भीती, त्याच दगडाने हत्तीला कुंपण घातलं, हे मला त्या भिंतीतलं सगळ्यात आवडलं.

एक गमतीची, पण काळजीची गोष्ट. खाच नीट दिसत नाही म्हणून फोटो काढणारे तिच्यात खडू फिरवतात किंवा पांढरी पूड भरतात. फोटो झकास येतो. पण खडूचा कण भोकाळ दगडात शिरून बसतो, खाचेची मूळ कड झाकतो, आणि फिरवणाऱ्याचा हात चुकला तर नसलेली रेघ फोटोत कायमची येऊन बसते. म्हणून जगभरचे अभ्यासक कोरीव चित्रांवर खडू लावू देत नाहीत. अफिंग्टनचा घोडा ज्याच्या जिवावर उभा आहे, तोच पदार्थ इथे विषासारखा टाळायचा. चांगला उपाय फुकट मिळतो: सूर्य खाली असताना जायचं. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर तिरपं ऊन खाचेच्या एका काठाची सावली आत टाकतं आणि दुपारी हरवलेला हत्ती उभा राहतो. झाडायला मऊ केरसुणी पुरते, चपला काठावर काढायच्या, लोखंडी खराटा नको.

मग आपल्या खानदेशात असं काही का नाही? अशा चित्राला वरचा थर एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा लागतो, किंवा कोरायला सपाट, टणक, उघडा माथा लागतो. आपल्याकडे जमीन खरवडली तर काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा दगड, आणि डोंगराच्या उतारावर वर्षातले आठ महिने गवत पिवळंच. रेघ आखायची तर निसर्गाने स्वतःच आखलेली आहे: धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीच्या भेगांत लाव्हा घट्ट होऊन झालेले डाईक, भोवतालचा दगड झिजल्यावर भिंतींसारखे उभे राहिलेले, कित्येक किलोमीटर सरळ धावणारे. त्यात घोडा दिसत नाही एवढंच.

मात्र माणसाने ओढलेल्या रेघांच्या बाबतीत खानदेश कोकणाच्याही मागे जातो, आणि हे जळगावातही फारसं कुणाला ठाऊक नसतं. चाळीसगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे आहे. चंडिकादेवीचं, म्हणजे पाटणादेवीचं ते पाटणे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख इथलाच. त्यामुळे गावाचं नाव गणिताच्या इतिहासात पक्कं आहे. पण १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं, ते याच्या कितीतरी खालच्या थरांत. दगडी हत्यारांच्या सोबत त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. शहामृग त्या काळी आपल्याकडे फिरत होता. त्या कवचाचे मणी केलेले होते, आणि एका तुकड्यावर बारीक रेघा कोरलेल्या होत्या: समांतर रेषांच्या पट्ट्या, त्यांच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी, गोधडीच्या टाक्यांसारखी. वय सुमारे २५ हजार वर्षं. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या कलावस्तूंत त्याची गणना होते.

हा तुकडा गवत उपटून किंवा भिंत बांधून राखलेला नव्हता. तो मातीखाली गाडला गेला आणि पंचवीस हजार पावसाळे वरून गेले. काशेळीच्या हत्तीभोवती फेरी मारायला काही मिनिटं लागतात. पाटण्याचं हे कवच तळहातावर सहज मावेल, आणि त्यावरची जाळी नीट पाहायची तर भिंग घ्यावं लागतं.